दिव्यावरील आवरण

चातुर्मासाची सांगता होऊन कार्तिकी पौर्णिमा उलटली की साधु-साध्वीजींचे विहार पुन्हा सुरू होतात. हेच दिवस पहाटे धुके पडण्याचे, सूर्य उशिरा उगवण्याचे आणि आपल्या व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने लग्नसराईच्या मालाची ने-आण करण्याचे. पायी चालणारा संघ आणि मालाने भरलेली आपली गाडी एकाच काळोख्या वेळी एकाच रस्त्यावर असतात. म्हणून या अंकात मोटारीच्या दिव्यांविषयी, विशेषतः धुरकट झालेल्या हेडलाईटच्या काचेविषयी, लिहावेसे वाटले. विषय क्षुल्लक वाटेल. मलाही तो तसाच वाटत होता.

गेल्या वर्षी पौष महिन्यात, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर शिरूरच्या अलीकडे, पहाटे साडेपाचच्या सुमारास महासतीजींचा एक लहान संघ माझ्या गाडीसमोर आला. ‘समोर आला’ हे म्हणणेही अन्यायाचे आहे. संघ रस्त्याच्या कडेने आपल्या मर्यादेत चालला होता. मलाच तो उशिरा दिसला. सोबतच्या सेवकाच्या हातातील टॉर्च हलली म्हणून माझा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली तेव्हा मध्ये चार-पाच पावलांचे अंतर उरले होते. महासतीजी काही बोलल्या नाहीत. तो तरुण सेवक मात्र गाडीपुढे येऊन दिव्यांकडे पाहत म्हणाला, “काका, दिवे लागलेत की नाही हेच कळत नव्हतं.”

दिवे लागलेले होते. गाडी नऊ वर्षांची, इंजिन उत्तम, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, दर रविवारी धुतलेली. दिव्यांची काच मात्र पातळ ताकासारखी पांढरट आणि वरच्या कडेला पिवळी पडलेली होती. ती एका दिवसात तशी झाली असती तर त्याच रात्री लक्षात आले असते. रोज किंचित किंचित अंधार वाढत गेला, डोळा त्याला सरावत गेला, आणि आपल्याला पूर्वीसारखेच दिसते असा समज कायम राहिला. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला त्यात स्थान दिले आहे, हे आपण पाठशाळेत शिकलो. माझ्या मनात प्रमाद म्हणजे झोप, नशा किंवा उतावीळपणा. नऊ वर्षे न पाहिलेली काच हाही प्रमादच, हे त्या पहाटे उमगले. (या स्तंभात लिहिणाऱ्यास येथून थेट ज्ञानावरणीय कर्माकडे वळण्याचा मोह होईल. तो आवरून काचेकडेच परततो.)

आपण तिला काच म्हणतो, पण ती काच नव्हे. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांवर खरी काच असे. दगड लागून ती फुटे, परंतु तीस वर्षांनीही पिवळी पडत नसे. आजच्या दिव्यांवरील पारदर्शक आवरण पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकचे असते. १९५३ साली जर्मनीतील बायर कंपनीत हर्मान श्नेल यांनी ते तयार केले आणि त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील डॅनियल फॉक्स यांनाही ते स्वतंत्रपणे साधले. मोटारीच्या दिव्यांवर ते अमेरिकेत १९८३ नंतर आले; १९८४ची लिंकन मार्क सेव्हन ही तेथील पहिली अशी गाडी. पॉलीकार्बोनेट काचेच्या निम्म्या वजनाचे, हवा तसा आकार घेणारे आणि खडा लागला तरी सहसा न फुटणारे आहे. त्याचे दोष दोन. पृष्ठभाग मऊ असल्याने त्यावर चरे लवकर पडतात, आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटून पिवळी संयुगे तयार होतात.

हे कारखानदारांना ठाऊक असल्यामुळे प्रत्येक नव्या दिव्यावर अतिनील किरण अडविणारा एक कठीण लेप चढविलेला असतो. तो केवळ काही मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ असतो. ऊन, रस्त्यावरची वाळू, वायपरची धूळ, तीव्र साबण आणि दिव्यावर आपटून वाळलेले कीटक यांनी तो वर्षानुवर्षे झिजतो, त्यास बारीक तडे जातात, कोठे तो सुटतो. त्यानंतर उघडे पडलेले प्लास्टिक झपाट्याने खराब होऊ लागते. धुरकटपणा हा वर साचलेला मळ नसून मेलेल्या लेपाचा आणि भाजलेल्या प्लास्टिकचा थर आहे. एवढे समजले की घरगुती उपायांतील कोणता खरा आणि कोणता फसवा हे आपोआप कळते.

नुकसान किती होते? अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली याची मोजणी केली. उन्हाने खराब झालेल्या दिव्यांतून डिपरवर नव्या दिव्याच्या केवळ २२ टक्के प्रकाश बाहेर पडत होता. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, या शाळेतील नियमाने हिशेब मांडला तर चौथाई प्रकाश म्हणजे निम्मे अंतर. जी व्यक्ती साठ मीटरवर दिसायला हवी ती तीस मीटरवर दिसणार. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर धावते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तरी ३३ मीटर तेथेच संपले. गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी ३५ मीटर तरी लागतात, आणि भरलेल्या गाडीला वा ओल्या रस्त्यावर त्याहून अधिक. तीस मीटरवर दिसलेल्या माणसासाठी ब्रेक दाबण्याचीही सवड नसते. माझ्या गाडीचा वेग त्या दिवशी धुक्यामुळे कमी होता, एवढेच.

यात आणखी एक वाईट गोष्ट आहे. अडलेला प्रकाश नाहीसा होत नाही, तो विखुरतो. धुरकट काचेतून तो वर, बाजूला, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि आपल्याच पुढच्या धुक्याला पांढरे करतो. म्हणजे आपल्याला दिसत नाही आणि दुसऱ्याला दिसू देत नाही. यावर उपाय म्हणून अनेकजण ९० वा १०० वॅटचे बल्ब बसवितात. साधा हॅलोजन दिवा ६०/५५ वॅटसाठी बनविलेला असतो. जास्त वॅटच्या उष्णतेने आतील रिफ्लेक्टरची चकाकी जळते, वायरिंग तापते आणि विखुरलेला प्रकाश अधिकच डोळ्यांत खुपतो.

आता घरी काय करता येते ते पाहू. प्रथम दिव्यावर पाणी ओतावे. ओली असेपर्यंत काच स्वच्छ दिसली आणि वाळताच पुन्हा पांढरी झाली, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि तो घासून निघेल. पाणी ओतूनही धूसरता तशीच राहिली, किंवा आत थेंब, बुरशी वा धूळ दिसली, तर दिव्याचे सील गेले आहे. बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. दिवा लावून आत डोकावल्यावर रिफ्लेक्टर काळवंडलेला दिसला तरी तेच. काचेत खोलवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असतील तर तेही घासून जात नाहीत. अशा वेळी पूर्ण दिवा बदलणेच योग्य. परिग्रह वाढू नये, जुने जपावे, ही आपली वृत्ती मला प्रिय आहे. पण मेलेला दिवा जपणे हे अपरिग्रहात मोडत नाही.

टूथपेस्टचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. तो अगदीच खोटा नाही. टूथपेस्टमध्ये बारीक घर्षक कण असतात, त्यांनी वरचा थोडा थर निघतो आणि काच उजळते. मात्र मेलेला लेप पूर्ण निघत नाही, नवा लेप चढत नाही. काही आठवड्यांत पूर्वस्थिती येते आणि मधल्या काळात उघड्या प्लास्टिकवर ऊन पडून ते अधिक बिघडते. डास पळविण्याचा फवारा मारून पुसणे त्याहून वाईट. त्यातील रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवून क्षणभर गुळगुळीत करते, एवढेच. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांना पॉलीकार्बोनेटजवळ फिरकूही देऊ नये. त्यांनी आत तडे जातात आणि ते कायमचे राहतात.

खऱ्या दुरुस्तीला एक निवांत दुपार लागते. सामान हार्डवेअरच्या वा मोटार-रंगाच्या दुकानात मिळते: ८००, १५०० आणि २००० किंवा ३००० नंबरचे वॉटर पेपर, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड, दोन-तीन मायक्रोफायबर कापडे, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शेवटी अतिनील किरण रोखणारा हेडलाईटचाच लेप. सर्व मिळून खर्च नव्या दिव्याच्या तुलनेत अगदी थोडा येतो.

गाडी सावलीत उभी करावी आणि दिवे पूर्ण थंड होऊ द्यावेत. दिव्याभोवतीच्या बोनेट, बंपर व फेंडरच्या रंगावर टेपचे दोन थर चिकटवावेत. घाईत पेपर रंगावर घसरला तर दिव्यापेक्षा रंगाचा खर्च मोठा होतो. दिवा साबणाने धुऊन घ्यावा, कारण धुळीचा कण पेपरखाली आला तर तोच नवा चरा पाडतो. बादलीतील पाणी गाळून घ्यावे. हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. येथे मात्र त्याचा एक सरळ व्यावहारिक लाभही आहे, गाळलेल्या पाण्यात वाळूचा कण नसतो. माझ्या घरी हे काम चालू असताना आईने बादलीवर गाळणे बांधलेले पाहून समाधानाने मान हलविली. कारण वेगळे होते, पण मी ते सांगत बसलो नाही.

पहिला पेपर ८०० नंबरचा. तो दहा मिनिटे पाण्यात भिजवून, काच सतत ओली ठेवून, आडव्या दिशेने एकसारख्या हलक्या दाबाने घासावा. ओघळणारे पाणी पिवळट, दुधाळ दिसते. तो जुना लेप होय. या टप्प्यावर बहुतेकांचा धीर सुटतो, कारण काच सुधारण्याऐवजी पहिल्यापेक्षा भयंकर दिसू लागते. आपण दिवा वाया घालविला असे वाटून घाईघाईने पुढचा पेपर घेतला जातो, आणि सगळे काम तेथेच बिघडते. मधूनमधून पुसून, वाळवून पाहावे. सर्व पृष्ठभाग एकसारखा घासलेल्या पांढऱ्या काचेसारखा दिसला पाहिजे. मध्ये कोठे चकाकणारी बेटे दिसली तर तेथे जुना लेप अजून शिल्लक आहे. ती बेटे पुढे कोणत्याही पॉलिशने जात नाहीत. पाणी पिवळे येण्याचे थांबून केवळ पांढरे येऊ लागले की समजावे, हा टप्पा झाला. मला एका दिव्याला पंचवीस मिनिटे लागली. चालकाच्या बाजूचा दिवा अधिक पिवळा होता, त्यास चाळीस.

पुढचा १५०० नंबरचा पेपर उभ्या दिशेने फिरवावा. दिशा बदलल्याने आधीचे आडवे चरे पूर्ण गेले की नाही हे डोळ्यांना दिसते. त्यानंतर २००० वा ३००० नंबरचा पुन्हा आडवा. प्रत्येक वेळी काच व हात धुऊन, नवे पाणी घेऊन. शेवटी काच पुसून, मायक्रोफायबरवर वाटाण्याएवढे रबिंग कंपाउंड घेऊन लहान वर्तुळांत फिरविले की धुके विरल्यासारखी काच उघडते, आणि आतला बल्ब, रिफ्लेक्टरच्या कडा, सगळे स्पष्ट दिसू लागते. ड्रिल मशीनला फोमचे चाक लावून हे लवकर होते, परंतु एकाच जागी थांबले तर प्लास्टिक तापून भाजते. पहिल्यांदा करणाऱ्याने हातानेच करावे.

येथे काम संपले असे वाटते, आणि येथेच बहुतेक जण थांबतात. बाजारात कमी पैशांत दिवे चमकवून देणारेही बहुधा येथेच थांबतात. वस्तुतः या क्षणी आपला दिवा सर्वांत असुरक्षित असतो. जुना लेप मेलेला होता तरी त्याचे काही अवशेष ऊन अडवीत होते. तेही आपण काढून टाकले. असा उघडा दिवा आपल्याकडील उन्हाळ्यात काही महिन्यांत पुन्हा पिवळा होतो. म्हणून लेप हा या कामाचा शेवटचा शृंगार नव्हे. घासणे ही केवळ लेपासाठीची तयारी आहे, असे मी म्हणेन.

लेप दोन-तीन प्रकारचा मिळतो. कापडाने पुसून लावायचा लेप घरच्या कामाला सोपा. काच अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवावा, पूर्ण वाळू द्यावी आणि एका दिशेने, न थांबता, पातळ थर द्यावा. परत मागे जाऊन तोच भाग गिरवला तर ओघळ उठतात. स्प्रेचा लेप असेल तर दोन-तीन पातळ थर, प्रत्येकामध्ये डब्यावर दिलेला अवकाश ठेवून. काही स्प्रेंसाठी पॉलिश न करता बारीक पेपरच्या घासणीवरच थेट फवारायचे असते, म्हणून डब्यावरील सूचना आधी वाचावी. वारा, धूळ, थेट ऊन टाळावे आणि पुढचा एक दिवस गाडी धुऊ नये. हार्डनर मिसळण्याचा दोन भागांचा क्लिअर कोट सर्वांत टिकाऊ खरा, पण त्यात आयसोसायनेट असते. त्याची वाफ फुफ्फुसांना घातक आहे आणि साधा कापडी मास्क तीस अडवीत नाही. ते काम योग्य साधने असलेल्या रंगाच्या कार्यशाळेकडे द्यावे. फर्निचरवर लावण्याचे पारदर्शक लॅकर मात्र मुळीच वापरू नये. ते अतिनील किरण अडवीत नाही, स्वतःच पिवळे पडते आणि पापुद्रे सुटून निघते.

कोणी विचारील, मेण चालेल का? मेणाच्या पॉलिशने महिनाभर थोडे संरक्षण मिळते, लेपावर वरून ते लावण्यास हरकत नाही. कार्नोबा मेण ब्राझीलमधील ताडाच्या पानांवरून काढतात. पण काही पॉलिशांत मधमाश्यांचे मेणही मिसळलेले असते. आपल्या घरी ते नको असेल तर घटक वाचून घ्यावेत.

काच स्वच्छ झाली म्हणजे प्रकाश नेमका कोठे पडतो हे पाहणे आले, कारण पूर्वी अंधुक असलेला चुकीचा झोत आता तेजस्वी चुकीचा झोत झालेला असतो. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटर अंतरावर गाडी उभी करावी. टायरमध्ये हवा योग्य असावी आणि चालकाच्या जागी कोणी बसलेले असावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूने रेघ मारावी. डिपर लावल्यावर झोताची वरची कड त्या रेघेच्या सुमारे दहा सेंटिमीटर खाली असावी. बहुतेक दिव्यांवर हे प्रमाण टक्क्यांत छापलेले असते. त्यात फरक असेल तर दिव्यामागील स्क्रूने तो दुरुस्त होतो. स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचे एक लहान चाक अनेक गाड्यांत असते, आणि माझ्या ओळखीच्या दहा व्यापाऱ्यांपैकी आठांनी त्याला कधी हात लावलेला नाही. डिकीत पोती, गठ्ठे, डबे भरले की गाडीचे तोंड वर होते आणि डिपरचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. अशा वेळी ते चाक २ किंवा ३ वर न्यायचे असते. त्या पहाटे माझी डिकी भरलेली होती आणि चाक शून्यावर होते.

हे सर्व स्वतःच्या गाडीचे झाले. दुकानाचा टेम्पो कोण पाहतो? तो दिवसभर उन्हात उभा, रात्री-पहाटे धावणार, चालवणारा दुसराच. मालक त्यात बसून रात्रीचा प्रवास कधी करीत नाही, म्हणून त्याचे दिवे कसे आहेत हे मालकाला ठाऊकच नसते. चालक बोलत नाही, कारण खर्च सांगितला की कपाळावर आठी पडते. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्हींचा हिशेब आपल्याकडे मांडला जातो. मग आपल्या मालासाठी आपल्या सांगण्यावरून काळोखात निघालेल्या टेम्पोच्या काचेचा हिशेब कोणाच्या खात्यावर? मी आमच्या टेम्पोचे दिवे घासायला घेतले तेव्हा चालकाने सांगितले, “शेठ, दोन पावसाळे झाले, मी कडेची पांढरी पट्टी बघून चालवतोय.” दोन पावसाळे त्याने ते सांगितले नव्हते, किंवा मी विचारले नव्हते.

टेम्पोचा एक दिवा पाण्याच्या परीक्षेत नापास झाला. तो नवा बसविला. नवा घेताना अगदी स्वस्त नकली दिव्याच्या मोहात पडू नये. त्याच्या प्लास्टिकवरचा लेप हलका असतो, झोतही नेमका पडत नाही. दुसरा दिवा घासून, लेप देऊन ठीक झाला. दोन्ही दिवे शेजारी लावून पाहिले तर नव्याचा प्रकाश थोडा सरसच आहे, हेही प्रामाणिकपणे सांगतो. घासलेला दिवा नवा होत नाही.

लेप टिकतो किती? गाडी सावलीत राहिली तर एक-दोन वर्षे, उन्हात त्याहून कमी. शक्य असेल तर गाडी उभी करताना तोंड दक्षिण वा पश्चिमेस करू नये. एकच दिवा अधिक पिवळा होण्याचे कारण पुष्कळदा रोजची उभी करण्याची दिशा हेच असते. माझा चालकाच्या बाजूचा दिवा गोदामाच्या दारात रोज दुपारचे ऊन खात होता. रात्रीच्या प्रवासानंतर दिव्यांवर मरून चिकटलेले कीटक सकाळीच ओल्या कापडाने भिजवून हळुवार पुसावेत, ते वाळून राहिले की लेप खातात. ते पुसताना वाटते, रात्रीचा प्रवास टाळता येईल तेवढा टाळावा. पण बाजार पहाटेच उघडतो.

लेप दिल्याची तारीख मी दिवाळीत नवी वही घातली तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर लिहिली आहे, गाडीची आणि टेम्पोची वेगवेगळी. गोदामाच्या मागच्या भिंतीवर खडूच्या दोन रेघा आहेत, एक गाडीच्या दिव्याच्या उंचीची, एक टेम्पोच्या. अमावास्येच्या रात्री दुकान बंद करताना दोन्ही वाहने आळीपाळीने तेथे उभी करून दिवे लावतो. पाच मिनिटे लागतात.